आबा जेवून गेले

हेमांगीची मुलाखत आणि आबांचं पितर एकाच दिवशी, एकाच वेळेला आणि एकाच खोलीत आलं. मुलाखत घेणारे लोक जपानचे. त्यांनी दिलेली वेळ म्हणजे दगडावरची रेघ: आपल्याकडचे सकाळचे साडेअकरा. आबांची तिथी पंचमी, आणि मेलेल्या माणसाकडून तारीख बदलून घ्यायची सोय अजून तरी निघालेली नाही. त्यामुळे सावद्याच्या महाजनांच्या घरात त्या दिवशी एकीकडे उडदाचे वडे तळले जात होते आणि दुसरीकडे हेमांगी आरशासमोर उभी राहून स्वतःचे गुण आणि उणिवा इंग्रजीतून घोकत होती.

हेमांगी यंदाच जळगावहून फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन परतली होती. चाळीसेक ठिकाणी अर्ज केले. बहुतेकांनी साधं 'नाही' कळवायचीही तसदी घेतली नाही. मग कोबे नावाच्या शहरातल्या एका कंपनीचं पत्र आलं. ही कंपनी जहाजाने कच्ची केळी आणायची आणि पिकवून विकायची, आणि तिला पिकवणारी माणसं हवी होती. केळीतलं सावद्याच्या पोरीला कोणी शिकवावं असं जगात फारसं उरलेलं नाही. त्यातून तिचे आजोबा अभिमन महाजन, म्हणजे आबा, यांची केळीची वखार होती. डोळे मिटून नुसत्या वासावर ते कोणता घड उद्या पिकेल आणि कोणता परवा, हे सांगायचे.

अडचण जपानची नव्हती, भाईदासची होती. भाईदास म्हणजे हेमांगीचे वडील. माणूस देवभोळा नव्हता, पण बापभोळा होता. बारा वर्षांपूर्वी आबांनी शेवटचा श्वास घेताना मुलाचा हात धरून सांगितलं होतं, "पोरीले नजरेआड करू नको रे." तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि हेमांगी दहा वर्षांची होती. पुढे ती वाढली, पण तो शब्द काही वाढलाही नाही, घटलाही नाही.

"भुसावळले पाहाय ना एखादी नोकरी," भाईदास म्हणाला. "संध्याकाळी घरी."

"बाबा, भुसावळला केळी पिकवायला पदवीवाले ठेवत नाहीत."

"मंग जपानात कायले ठेवतात?"

"त्यांच्याकडे आबा नाहीत म्हणून."

यावर भाईदासला हसू आलं, पण ते त्याने मिशीतच ठेवलं. "मुलाखत दे. हौस फेड. पण आबाचा शब्द मोडाचा अधिकार मले नही. त्यायचा शब्द त्यायनीच मोडाव," असं सांगून तो शेतावर निघून गेला. आता बारा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने येऊन स्वतःचा शब्द कसा मोडायचा, हे काही त्याने सांगितलं नाही. हेमांगी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली. दुसऱ्या दिवशी शाळेपासूनचा मित्र दानिश याच्या मोबाइलच्या दुकानात बसून तिने बापाला न सांगता पासपोर्टचा अर्ज भरून टाकला.

महाजनांच्या घरात पितराची रीत अशी, की त्या दिवशी एका जिवंत माणसाला गेलेल्याच्या नावाने बोलावायचं. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवून जेवू घालायचं. जेवण होईपर्यंत तो माणूस तो नसतो, आपला गेलेला माणूस असतो. त्याला हाकही त्याच नावाने मारायची. आबांच्या जागी दरवर्षी शेजारचे एक भजनी गृहस्थ बसायचे, पण या मार्चमध्ये ते स्वतःच पितर झाले. नवा माणूस शोधणं आलं. भाईदासने एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एक निवृत्त ड्रायव्हर गाठला. झुलाल त्याचं नाव, धुळ्याकडून येऊन गावाबाहेरच्या प्लॉटमध्ये नवीनच राहायला आलेला. घरात त्याला भाईदासशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं.

"खाकी प्यांट घालतो अजून," एवढी खूण भाईदासने देऊन ठेवली. "एक वाजता येतीन. तोवर हेमांगीचं ते जपान आटपते."

आबांची धाकटी बहीण द्रौपदाबाई, म्हणजे अक्का, साक्रीहून खास भावाच्या पितराला आली होती. सत्तरीची म्हातारी. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, दर दोन तासांनी थेंब. दिसायचं म्हणाल तर उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा कळायचा. पण पितराची तयारी डोळ्यांनी करायची नसते, असं म्हणून ती सकाळपासून उंबऱ्याशी पाण्याची बादली आणि गंधाची वाटी घेऊन बसली होती.

नेटवर्क घरात एकाच ठिकाणी यायचं, मधल्या खोलीच्या कोपऱ्यात. आबांचा हार घातलेला फोटो त्याच खोलीत समोरच्या भिंतीवर, आणि पितराचा पाट त्या फोटोखाली. हेमांगीने लॅपटॉप असा ठेवला की तिची पाठ फोटोकडे आली. दानिशने तिला एक युक्ती सांगून ठेवली होती: स्क्रीनवर दिसणारं स्वतःचं चित्र झाकून टाकायचं, म्हणजे माणूस आपलेच केस बघत बसत नाही. तिने ते झाकलं. साडेअकराला दोन चेहरे उमटले. एक तरुण बाई, आणि एक पिकल्या केसांचे साहेब, ओगावा त्यांचं नाव. दोघेही अगदी सावकाश इंग्रजी बोलत होते, त्यामुळे हेमांगीचा जीव भांड्यात पडला.

त्याच सुमाराला भर उन्हात गल्ली अशी चिडीचूप झाली की कढईतल्या तेलाचा आवाज रस्त्यावर ऐकू यावा. कुत्रीसुद्धा कुठे गेली कोण जाणे. भाईदास मागच्या अंगणात नळाखाली केळीची पानं धुवत होता. आणि उंबऱ्याशी अक्काच्या समोरचा उजेड कोणीतरी अडवला.

"हेमांगी भाईदास महाजन," एक घोगरा, दमलेला आवाज म्हणाला. "हेच घर का?"

"हाईच घर शे," अक्का लगबगीने उठली. "इसरी गयात का, भाऊ?"

"लांबून आलो. रस्ता ओळखू येईना. सगळं बदलून गेलंय."

अक्काच्या अंगावर काटा आला. मुद्दाम सांगून ठेवलेला माणूसही इतकं चांगलं बोलत नाही. तिने त्याचे पाय धुतले. पाय थंडगार होते, हे तिने नंतर पन्नास जणांना सांगितलं. तेव्हा मात्र ती एवढंच म्हणाली, "चाला, मझार चाला. बठ्ठा सयपाक तयार शे."

"जेवायचं?" तो माणूस घुटमळला. "मी कामाने आलो होतो."

"नई म्हनू नका. वरीसमा एकदाव येतस, आन तेबी उपाशी जातस का?"

ताज्या वड्यांच्या वासापुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही. माणसाने काखेतली प्लास्टिकची फाइल भिंतीला टेकवली आणि तो पाटावर बसला. हेमांगीच्या आईने स्वयंपाकघराच्या दारातून खाकी पँट पाहिली, झुलालभाऊ दीड तास आधीच आले हे ओळखलं आणि कपाळाला हात लावला. मुलाखत चालू असताना बोलायची चोरी. चुलीतल्या निखाऱ्यावर आगारीचा, म्हणजे पितराच्या नावाचा, घास टाकून तिने पदर पुढे ओढला आणि मुकाट्याने वाढायला घेतलं. पानं अजून मागच्या दारी, म्हणून केळीच्या गावातलं पितर स्टीलच्या ताटात जेवायला बसलं.

इकडे हेमांगी आपल्या उणिवा सांगून गुणांकडे वळली होती, तेवढ्यात ओगावासाहेब पुढे वाकले. "माफ करा. तुमच्या मागे ते कोण आहेत?"

हेमांगीला वाटलं, फोटोबद्दल विचारताहेत. मागे वळून न बघता ती हसून म्हणाली, "ते माझे आजोबा, सर. बारा वर्षांपूर्वी वारले."

तरुण बाईने ओगावासाहेबांकडे पाहिलं. ओगावासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"ते जेवताहेत," बाई हलक्या आवाजात म्हणाली.

मागे कोणीतरी खीर भुरकल्याचा आवाज हेमांगीला आत्ता पहिल्यांदा आला. तिने मान वळवली. फोटोच्या बरोबर खाली, कपाळाला गंध लावलेला एक माणूस ताटावर वाकून जेवत होता. दिसत होता एक कान, पांढरे कल्ले आणि हलणारा जबडा. झुलालभाऊ! तिने सुटकेचा श्वास घेतला आणि खुलासा करायला तोंड उघडलं. पण रीतच अशी, की जेवण होईपर्यंत त्याला दुसऱ्या नावाने संबोधलं तर पितर उपाशी उठतं. अक्का तर तिथेच बसलेली. घाईघाईत, घोकलेलं सगळं इंग्रजी विसरून, हेमांगी जे खरं होतं तेच बोलून गेली.

"हो सर. वर्षातून एकदा जेवायला येतात. आज त्यांचा दिवस आहे. जेवून परत जातात."

नोकरी गेली, हे तिला स्वतःच्या वाक्याच्या पूर्णविरामालाच कळलं. पण ओगावासाहेब खुर्चीतून उठले, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि कॅमेऱ्यासमोर कमरेतून खोल वाकले. बाईही वाकली. मग साहेब खाली बसून म्हणाले, "आमच्याकडेही याच दिवसांत आम्ही आमच्या माणसांना भेटायला कबरींवर जातो. पण माझे आजोबा इतकं स्पष्ट कधी दिसले नाहीत."

मुलाखत पुढे सुरू झाली, पण आता साहेबांची नजर हेमांगीपेक्षा अर्धा फूट डावीकडे होती. त्यांनी विचारलं: पिकवण्याच्या खोलीतली वीज दहा तास गेली, तर फळ कसं वाचवाल? हेमांगीला हे येत होतं. परीक्षेत आलेलंही होतं. पण पाठीमागे ती सावकाश चावण्याची चाहूल, आणि डोक्यात नुसती पांढरी भिंत.

"मधले क्रेट आधी काढायचे," मागून आवाज आला. "गरमी पोटात असते, कडेला नसते. दारं सताड उघडी, आणि जमिनीवर पाणी मारायचं."

हेमांगीने शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. ओगावासाहेब लिहून घेत होते. तिला झुलालभाऊंचं कौतुक वाटलं. एसटीचा ड्रायव्हर, पण माहिती किती. मग वाटलं, गावाची हवाच तशी आहे.

"शेवटचा प्रश्न," साहेब म्हणाले. "आधीची दोन मुलं घरच्यांच्या आठवणीने तीन महिन्यांत परत गेली. म्हणून आम्ही विचारतो. तुम्हाला इतक्या लांब यायला घरच्यांची परवानगी आहे का?" आणि क्षणभर थांबून, अतिशय आदराने, "आजोबांना विचाराल का?"

सगळं जग ज्या एका प्रश्नावर अडलं होतं, तोच प्रश्न. ती वळली. खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. अक्का काळ्या चष्म्यातून भिंतीकडे बघत होती. कोणाला विचारतोय हे माहीत असूनही हेमांगीचा आवाज दहा वर्षांच्या मुलीसारखा झाला.

"आबा, हे विचारताहेत... मी इतक्या लांब जाऊ का?"

माणसाचा हात खिरीच्या वाटीत थांबला. त्याने मान वर केली नाही.

"नजरेआड झालं म्हणून माणूस तुटत नाही," तो म्हणाला. "जाऊ द्या पोरीला."

मागच्या अंगणात स्टीलची बादली धाडकन आपटली. खिडकीशी पानं धुणाऱ्या भाईदासने ते ऐकलं होतं. तो शब्द, नेमका तोच शब्द! तो तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. चुळा भरून, डोळे पुसून तो आत येईपर्यंत पाहुण्याने हात धुतले होते, विडा घेतला होता आणि उंबऱ्याशी अक्काला काही विचारून झालं होतं.

"किती वर्षं झाली इथे राहून?" त्याने विचारलं होतं.

"तुम्हीच बांधेल शे ना हाई घर!"

"घरात आणखी कोण?"

"तुमलेच ठाऊक, भाऊ."

यावर तो हं म्हणाला आणि फाइलीतला कागद बघून उन्हात उतरला. "थांबत नाही. अजून दोन घरं करायची आहेत," असं म्हणाल्याचं अक्काने शपथेवर सांगितलं. ताटात एक शीतसुद्धा उरलं नव्हतं.

बरोबर एक वाजता दारात मोटरसायकल थांबली. टरटरून फुगलेल्या खाकी पँटमधला एक भलादांडगा गृहस्थ घाम पुसत उतरला. "भाऊ, राम राम! सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, पितराने पोट रिकामंच आणावं."

भाईदास त्याच्याकडे बघतच राहिला. "झुलालभाऊ, तुम्ही... आत्ताच जेवून गेले ना?"

"मी?" झुलाल दुखावला. "भाऊ, मी जेवलोय की नाही, ते काय दिसत नाही का?"

घरात जे काही झालं त्याला गोंधळ म्हणणं फार सौम्य होईल. हेमांगीच्या आईच्या हातून कढीचं पातेलं सुटता सुटता राहिलं. भाईदासने उंबऱ्यावर डोकं ठेवलं. अक्काने तर टाळ्याच वाजवल्या. तिला आधीपासूनच माहीत होतं. मग चौघांनी मिळून आठवायचा प्रयत्न केला की जेवून गेलेला माणूस दिसायला कसा होता. आईने फक्त खाकी पँट आणि ताटातला हात पाहिला होता, अक्काने पाय धुतले होते, भाईदासने आवाज ऐकला होता, आणि हेमांगीने एक कान. चौघांचं सगळं एकत्र केलं तरी त्यातून एक अख्खा चेहरा होत नव्हता. पूर्ण चेहरा पाहिला होता तो फक्त जपानच्या दोन माणसांनी.

"मग मी बसू का?" झुलालने विचारलं. त्याची भूक आता आवाजात उतरली होती.

"एक घरमा दोन पितर बसतस नई," अक्काने निकाल दिला. "तुम्ही पाव्हना म्हनीसन बसा, तठे, खुर्चीवर."

"आणि तो पाट?"

"त्या पाटले हात लावू नका."

झुलालने पाटाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि पोट धरून खुर्चीसकट ओट्यावर जाऊन बसला. जेवला मात्र पोटभर, पण दर घासाला मागे वळून बघत होता.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या सावद्यात बोभाटा झाला. बायका पाटाच्या पाया पडायला यायला लागल्या. एका शेजाऱ्याने आबांकडे आपल्या बांधाच्या भांडणाबद्दल काही निरोप आहे का, अशी चौकशी केली. एका शेजारणीने आबा पुढे कोणत्या दोन घरी जाणार होते हे विचारलं, कारण तिच्या घरी खीर उरली होती. आणि भाईदास! तो एकेका नातेवाइकाला फोन लावून सांगत होता, "आबानं सोता सांगलं. पोरीले जाऊ द्या म्हणे. आता मी कोण नही म्हणणारा?" बारा वर्षांत एवढा हलका झालेला बाप हेमांगीने पहिल्यांदाच पाहिला.

तिची भीती सात वाजता उतरली. फोनवर दानिशने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खाकी पँट, हातात फाइल, तुझं पूर्ण नाव विचारलं, किती वर्षं राहता, घरात कोण... अगं, पासपोर्टच्या चौकशीचा पोलीस असणार तो! साध्या कपड्यांत येतात ते."

हेमांगी हसत सुटली. अजून दोन घरं म्हणजे अजून दोन अर्जदार. 'जाऊ द्या पोरीला' म्हणजे कोणत्याही भल्या माणसाने पोटभर खाल्ल्यावर दिलेला सल्ला. नजरेआडचं म्हणाल तर अक्काने पाय धुताना सगळी रामकहाणी ऐकवलीच असेल.

"बाबांना सांगू?"

"वेडी आहेस का?" दानिश म्हणाला. "मेलेल्या माणसाने दिलेली परवानगी रद्द करायला ऑफिस नसतं कुठे."

चार दिवसांनी ओगावासाहेबांचं पत्र आलं. नोकरी दिली होती. महिनाभरात पासपोर्टची प्रत पाठवा, असं लिहून शेवटी आजोबांना नमस्कार सांगितला होता. भाईदासने ते पत्र आबांच्या फोटोला दाखवलं, पेढे वाटले आणि लेकीसाठी स्वतः जळगावहून मोठी बॅग आणली. बॅगेच्या कप्प्यात अक्काने पाटाखालची चिमूटभर माती पुडीत बांधून ठेवली. हे सगळं हेमांगी बघत होती. लबाडी तिने केली नव्हती, पण लबाडीवर ती पाय देऊन उभी होती. बाप तिच्यासाठी एका पोलिसाच्या पाया पडत होता.

पाचव्या दिवशी सकाळी तिने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. चोरून भरलेला अर्ज, चौकशी, फाइल, सगळं. "ते आबा नव्हते, बाबा. पोलीस होता."

भाईदासने कप उचललाच नाही. चहावर साय धरली.

"मंग वखारीचं, मधले क्रेट आधी काढाचं, हे त्याले कसं ठाऊक?"

"सावद्यात कोणाला ठाऊक नसतं, बाबा?"

"खीर खाऊन गेला, आन् बोलला नही?"

"अक्काने बोलू दिलं असेल का?"

हे मात्र भाईदासला पटलं. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. "म्हणजे शब्द जिथल्या तिथंच हाये," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पुन्हा म्हातारा झाला. "तू खरं बोल्ली हे चांगलं केलं, बाई. पण मंग आता माह्यानं नही होत." त्याने उठून ती मोठी बॅग माळ्यावर टाकली. हेमांगी उभ्या जागी थिजली. खरं बोलल्याचं समाधान असतं म्हणतात; तिला ते कुठेच सापडेना.

तेवढ्यात दारात कोणीतरी खाकरलं. पंचविशीतला एक पोलीस, पूर्ण वर्दीत, हेल्मेट काखेत धरून उभा होता.

"हेमांगी भाईदास महाजन इथेच ना? मी रविंद्र, पोलीस ठाण्यातून. पासपोर्टच्या चौकशीला आलोय."

हेमांगी दारापर्यंत पुढे आली. "पण... तुमचे एक साहेब येऊन गेले ना? पंचमीला? मोठे, वयस्कर?"

रविंद्रने फाइल उघडली, कागद उलटसुलट केला. "नाही हो. तुमचा अर्ज आमच्याकडे कालच आला. आणि या भागाचं काम मी एकटाच बघतो." त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "का? कोणी काही त्रास दिला का?"

आईने पदराचं टोक तोंडात धरलं. भाईदास माळ्याखालीच हात वर करून थांबला होता. मग त्याने सावकाश ती बॅग परत खाली घेतली, तिच्यावरची धूळ धोतराने पुसली आणि लेकीच्या पायाशी ठेवली. आतल्या खोलीतून अक्काने बादली सरकवल्याचा आवाज आला. नव्या पाहुण्याचे पाय धुवावेत की नाही, याचा तिला निर्णय होत नसावा.

रविंद्रने पेनाचं टोपण काढलं. "दोन-चार प्रश्न आहेत, लगेच होईल. घरात एकूण माणसं किती?"

हेमांगीने एकवार बापाकडे पाहिलं. मग वळून मधल्या खोलीतल्या आबांच्या पाटाकडे.

"तीन," ती म्हणाली. "आणि एक येऊन-जाऊन."